पाटीवरची पहिली ओळ

"काकू, मी पाठवलंय ते जसंच्या तसं चिकटवायचं. पुढं काही नाही, मागं काही नाही. एक ठिपकासुद्धा घरचा घालायचा नाही."

फिरोज शिकलगार मिरजेतल्या आपल्या दुकानातून सांगत होता, आणि मी जयसिंगपुरात, आमच्या कन्याशाळेच्या ऑफिसात, फोन खांद्यानं कानाशी दाबून ऐकत होते. समोर कॉम्प्युटर. दारात माझी सून चंदना उभी. बोटांना खडूची पूड, नववीचा तास सुरू झालेला, तरी हलत नव्हती.

"कळलं ना काकू?"

"कळलं," मी म्हणाले.

त्या सोमवाराला आता सात वर्षं झाली. कळलं म्हणाले ते खरंच होतं. खोटं न बोलण्याचा माझा नेम आहे.

चंदना आमच्याच शाळेत विज्ञान शिकवायची, मी तिथं हेडक्लार्क. बंगळुरूच्या एका विज्ञानसंस्थेनं दहा महिन्यांच्या अभ्यासक्रमासाठी देशभरातून वीस शिक्षक निवडले होते, त्यात तिचं नाव होतं. राहणं तिथंच. आता फक्त शाळेचं ना-हरकत पत्र जायचं होतं, गुरुवारी संध्याकाळी पाचच्या आत. नाही पोहोचलं तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला. आणि ते पत्र शाळेच्याच ईमेलवरून यायला हवं होतं. आदल्या वर्षी कुणीतरी भलत्याच शाळांच्या नावानं खोटी पत्रं पाठवली होती, तेव्हापासून कागद, कुरिअर, फोन, काहीच त्यांना चालत नव्हतं.

सकाळी मुख्याध्यापिका उपाध्ये बाईंच्या सहीचं पत्र मी पाठवलं होतं. दोन मिनिटांत परत आलं. खाली इंग्रजीत काहीबाही होतं. चंदनानं वाचून सांगितलं, "म्हणतायत, हे पत्र तुमच्याच शाळेनं पाठवलंय याची खात्री पटत नाही."

"मीच पाठवलंय की."

"ते त्यांना कसं कळणार, आई?"

हा प्रश्न मला तोवर कधी पडलाच नव्हता. मग फिरोजला फोन लावला. शाळेचं ईमेल, कॉम्प्युटर, प्रिंटर, उपाध्ये बाईंचा मोबाइल, सगळं तोच बघायचा.

"चूक माझीच आहे, काकू," तो म्हणाला. "जूनमध्ये मी शाळेचं ईमेल जुन्या कंपनीकडनं काढून नव्या कंपनीकडं दिलं, आणि पाटी बदलायची राहिली."

"कसली पाटी?"

"हे बघा. शाळेचं इंटरनेटवर जे नाव आहे ना, त्या नावाची एक पाटी असते. जगात कुणीही वाचू शकतो. तिच्यावर आपण लिहायचं, की आमची पत्रं अमुक एका माणसाकरवीच येतील. बंगळुरूचा दरवान पत्र हातात घेतलं की आधी पाटी वाचतो. पाटीवर आणणाऱ्याचं नाव नसेल तर दारातनं परत. तुमच्या पाटीवर अजून जुन्याच माणसाचं नाव आहे."

"आणि ते बदललं की झालं?"

"तीन ओळी घालू, म्हणजे पक्कं होईल. पहिली, पत्र कोण आणणार. दुसरी, शिक्क्याचा नमुना. पत्रावर आपला शिक्का बसतो, दरवान तो पाटीवरच्या नमुन्याशी ताडून बघतो. वाटेत कुणी पत्रात काही घुसडलं तर शिक्का जुळत नाही. आणि तिसरी ओळ म्हणजे सूचना. आणणारा ओळखीचा नाही, शिक्काही आपला नाही, तर असल्या पत्राचं काय करायचं. आत घ्यायचं, बाजूला ठेवायचं, का हाकलायचं. पासवर्ड द्या, दोन मिनिटांत करून टाकतो."

"पासवर्ड मला कुणाला देता येत नाही."

"काकू, मी फिरोज बोलतोय."

"ते खरं. पण आधीच्या मोठ्या बाईंनी निवृत्त होताना तो माझ्या हातात दिला, आणि उपाध्ये बाईंशिवाय कुणाला सांगणार नाही असं मी कबूल केलंय."

फिरोजनं उसासा टाकला. तो पोरवयापासून मला ओळखत होता. वाद न घालता त्यानं तीन ओळी मोबाइलवर पाठवल्या आणि मघाचं ते सांगितलं. पुढं काही नाही, मागं काही नाही.

चंदनाला मी वर्गावर पाठवलं आणि एकटीनं तीन ओळी बसवल्या. पहिली लहान होती. दुसरी, शिक्क्याची, म्हणजे नुसता अक्षरांचा पाऊस, एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. एखादं अक्षर गळलं असेल तर कळायचं कसं, म्हणून मी पर्समधली जपमाळ काढली आणि एका अक्षराला एक मणी असं ताडून पाहिलं. सुरुवातीची अठरा अक्षरं सोडली तर शिक्का बरोबर दोन माळांचा भरला. एकही मणी उरला नाही. मला बरं वाटलं. फिरोजला फोन करून हे सांगितलं तर तो म्हणाला, "काकू, जगात हे कुणी मोजलं नसेल."

"दोनशे सोळा."

"बरं. बाकी मी पाठवलेलं जसंच्या तसं आहे ना?"

"तुम्ही पाठवलेलं सगळं जसंच्या तसं आहे," मी म्हणाले. आणि ते होतं.

मंगळवारी सकाळी पत्र पुन्हा पाठवलं. पुन्हा परत. फिरोजनं दुकानातून तपासलं. "पहिली ओळच सापडत नाही म्हणतंय. पसरायला वेळ लागतो, काकू. पाटी एके ठिकाणी लिहिली तरी जगभर दिसायला कधीकधी दिवस जातो. थांबा उद्यापर्यंत."

आम्ही थांबलो.

आमच्या घरी संध्याकाळी साडेपाचला पानं मांडतात, कारण सूर्य मावळल्यावर मी पाणीसुद्धा घेत नाही. माझ्यामुळं बाकीचेही जेवून घ्यायचे. मुलगा अभिनंदन चाकणला कारखान्यात, तो शनिवारी यायचा. त्यामुळं पानावर आम्ही तिघंच. मी, चंदना आणि आमचे हे. हे अडतीस वर्षं पोस्टमन होते. ईमेल परत येतं हे ऐकल्यापासून त्यांच्या अंगात बळ आलं होतं.

"रजिस्टर करून टाका म्हणतो मी. परवा सकाळी बंगळुरूत."

"ते कागद घेत नाहीत, अण्णा," चंदना म्हणाली.

"कागद घेत नाहीत, आणि वाऱ्यावरचं पत्र घेतात. आणि त्यालाही विचारतात तू कोण. आम्ही कधी विचारलं? पाकिटाच्या मागं प्रेषक म्हणून कुणी काय लिहील ते लिहील. आमचं काम नेऊन द्यायचं. एकदा एकानं प्रेषक म्हणून तहसीलदाराचं नाव घातलं आणि आपल्या मेव्हण्यालाच जप्तीची नोटीस धाडली. मी नेऊन दिली. मेव्हणा तीन दिवस कचेरीत हेलपाटे घालत होता, साहेब, माझं काय चुकलं."

"म्हणूनच आता पाटी वाचतात."

"हां," हे जरा विचारात पडले. "त्या वेळी पाटी असती तर मेव्हण्याची चप्पल वाचली असती." मग माझ्याकडं वळले. "तुझ्याकडनं काही राहिलं नाही ना? नाहीतर त्या चेकसारखं व्हायचं."

चंदनानं वर पाहिलं. "कुठला चेक?"

"तू यायच्या आधीची गोष्ट. हिनं विजेच्या बिलाचा चेक लिहिला आणि वर, अगदी कपाळावर, 'श्री वीतरागाय नमः'. बँकेनं परत धाडला. कारण म्हणून लिहिलं, अनोळखी मजकूर. मॅनेजर स्वतः जैन होता. तो म्हणाला, वहिनी, मला वाचून आनंद झाला, पण मशीनला होत नाही."

चंदना हसली. मग हसता हसता माझ्याकडं बघायला लागली.

मी जेवताना बोलत नाही. तोही माझा नेम आहे. मी भाताकडं पाहत राहिले.

हा लिहिण्याचा नेम मला नवव्या वर्षी वडिलांनी दिला. आमचं किराणा दुकान होतं, आणि मी यादी लिहायला शिकले त्या दिवशी ते म्हणाले, वर देवाचं नाव घातल्याशिवाय कागदाला शाई लावायची नाही. तेव्हापासून लावलेली नाही. दुधाची यादी, शाळेचं हजेरीपत्रक, दाखल्यांचं रजिस्टर, नणंदेला लिहिलेलं भांडणाचं पत्र. शाळेत सगळ्यांना ते ठाऊक होतं. नव्या शिपायाला जुना शिपाई सांगायचा, कागदावर वर बारीक अक्षरात काही दिसलं तर समज, चौगुले बाईंच्या हातचा आहे.

बुधवारी पत्र तिसऱ्यांदा परत आलं. फिरोज म्हणाला, "आता मात्र पसरायला हवं होतं." त्याच्या आवाजात पहिल्यांदा काळजी होती. "उद्या मी स्वतः येतो. सकाळी तासगावला काम आहे, दुपारी पोहोचतो."

"पाच वाजेपर्यंतच मुदत आहे."

"माहीत आहे, काकू."

त्या दिवशी घरी आल्यावर चंदनानं कपाटावरून सूटकेस काढली, पुसली, आणि पुन्हा कपाटावर ठेवली. मी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

दिवे लागायच्या वेळेला मी सामायिकाला बसते. अठ्ठेचाळीस मिनिटं. समोर वाळूचं घड्याळ उलटं ठेवायचं आणि वाळू संपेपर्यंत बोलायचं नाही, हलायचं नाही, कुणाचं बरंवाईट चिंतायचं नाही. वाळू नुकतीच सुरू झाली होती. चंदना येऊन उंबऱ्यावर बसली.

"आई, तुम्ही आत्ता बोलणार नाही हे मला माहीत आहे. म्हणून आत्ताच विचारते."

मी डोळे मिटलेले होते.

"तुम्हाला मी जायला नको आहे का? तसं असेल तर असू दे, मी काही भांडणार नाही. पण मला कळू दे. परक्या माणसानं अडवलं तर रडता येतं. घरच्यानं अडवलं तर नुसतं कोडं पडतं. उत्तर उठल्यावर द्या. नाहीतर नका देऊ."

ती उठून गेली. त्या दिवशी वाळू फार सावकाश पडली. सामायिकात स्वतःच्या दिवसभराच्या चुका आठवायच्या असतात. मी आठवायला लागले आणि सोमवारपाशी येऊन अडकले. वाळू संपली तेव्हा चंदना आत अभिनंदनशी फोनवर बोलत होती. मी तिच्या दाराशी गेले, उभी राहिले, आणि स्वयंपाकघरात येऊन दुसऱ्या दिवशीची मटकी भिजत घातली.

गुरुवारी फिरोज आला तेव्हा अडीच वाजले होते. हेल्मेट काढलं, खुर्ची ओढली, तासगावच्या धुळीनं भरलेले हात रुमालाला पुसले.

"तुम्ही पासवर्ड घाला, मी तिकडं तोंड करतो."

तो भिंतीवरच्या शाळेच्या संस्थापकांच्या फोटोकडं तोंड करून उभा राहिला. मी पासवर्ड घातला. पाटी उघडली. तो वळला, वाकला, आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"काकू."

"काय?"

"हे 'श्री वीतरागाय नमः' कुठनं आलं?"

"मी लिहिलं."

"इंग्रजी अक्षरात."

"मराठी उमटत नव्हतं."

"तिन्ही ओळींच्या आधी आहे."

"तीन वेगळ्या ओळी होत्या," मी म्हणाले. "म्हणून तीनदा."

फिरोज हळूहळू खुर्चीत बसला. त्याला हसू येत होतं आणि तो ते मोठ्या माणसासमोर हसायचं नसतं तसं गिळत होता. "काकू, दरवान ओळीची पहिली अक्षरं बघतो. 'वी बरोबर एसपीएफ एक' असं दिसलं तरच त्याला कळतं, ही आपल्या कामाची ओळ. त्याला पहिल्यांदा दिसले भगवान. तो म्हणाला असेल, हे काहीतरी वेगळं आहे, आणि पुढं गेला. म्हणून तर तपासताना मला ओळच सापडत नव्हती. ओळ होती, पण ओळखीची नव्हती."

"तुमचं अक्षर न् अक्षर मी तसंच ठेवलंय."

"ठेवलंय की. दोन माळा." आता तो हसलाच. "काकू, वाईट वाटून घेऊ नका, मीसुद्धा बिस्मिल्ला म्हटल्याशिवाय स्क्रू फिरवत नाही. पण मी तोंडानं म्हणतो. स्क्रूला लावत नाही."

"माझा नेम लिहायचा आहे."

"मग असं करा. तुम्ही उठा. मी खोडतो. तुम्ही काही लिहिलं नाही, तुमचा नेम शाबूत."

मी नकारार्थी मान हलवली. "स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवून घेणं, आणि करणाऱ्याला बरं केलंस म्हणणं, तिन्हीचा दोष सारखाच लागतो. आणि नाव खोडायचं कसं?"

घड्याळात तीनला दहा कमी होते. फिरोजनं डोकं धरलं. बाहेर मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली. माझ्यासमोर एका बाजूला सत्तेचाळीस वर्षांचा नेम होता, आणि दुसऱ्या बाजूला कपाटावरची ती पुसलेली सूटकेस.

"फिरोज," मी विचारलं, "पाटीवर ओळी कितीही घालता येतात?"

"येतात की. का?"

"आणि ओळ कसलीही चालते? कामाची नसली तरी?"

"साधी मजकुराची ओळ काहीही चालते. लोक काय काय घालतात. जिला दरवान ओळखत नाही ती तो सोडून देतो." मग तो माझ्याकडं बघत राहिला. "काकू."

"आधी ती एक ओळ घालते. एकटीच. मग तिच्याखाली तुमच्या तीन."

"आणि खोडणं?"

"नाव खोडत नाही. तिथून उचलून मानाच्या जागी नेते."

त्यानं हात जोडले. मला का संगणकाला ते कळलं नाही. मी नवी ओळ उघडली, तिच्यात नाव घातलं, जतन केलं. मग एकेका ओळीतलं पुढचं काढलं. फिरोज खुर्चीच्या मागं उभा राहून एकेक अक्षर बघत होता.

"एक सांगू का, काकू? तुम्ही खोटं चालवून घेत नाही म्हणून सांगतो. पाटी वाचताना जगाला या ओळी कुठल्याही क्रमानं दिसतात. तुमची पहिली ओळ कधी तिसरी दिसेल, कधी शेवटची."

"वाचणाऱ्याचं मला माहीत नाही. लिहिताना मी आधी लिहिली."

"मग झालं," फिरोज म्हणाला. "आता एक तास कशाला हात लावायचा नाही. ज्यांनी जुनी पाटी वाचलीय, ते ती तासभर डोक्यात ठेवतात. तास झाला की परत येऊन नवी वाचतात. चारला पत्र पाठवू."

"अठ्ठेचाळीस मिनिटं मी बसेन," मी म्हणाले. "उरलेली बारा तुम्ही सांभाळा."

पण बसणं झालं नाही. तास संपवून चंदना आली. फिरोजच्या पुढ्यात शिपायानं आणलेल्या भडंगाची पुडी होती. त्यानं घास गिळून तिला सगळं सांगितलं, दरवान, ओळखीची ओळ, मानाची जागा, बिस्मिल्ला आणि स्क्रू. त्याला वाटलं ती हसेल. ती हसली नाही.

"म्हणजे चार दिवस हे देवाच्या नावामुळं अडलं होतं," ती म्हणाली.

फिरोज पुडी घेऊन उठला. "मी जरा गाडी सावलीत लावून येतो." गाडी सावलीतच होती. तो गेला.

"देवाच्या नावामुळं नाही," मी म्हणाले. "माझ्यामुळं."

"तेच की. तुमच्या नेमामुळं."

"नेमामुळंसुद्धा नाही. बस जरा."

ती बसली नाही. टेबलाला टेकून उभी राहिली.

"काल तू विचारलंस. आता मी सामायिकात नाही आणि पानावरही नाही, तेव्हा सांगायला हवं. सोमवारी फिरोजनं सांगितलेलं मला नीट कळलं होतं. पुढं काही नाही म्हणाला, ते कळलं होतं. नाव घालायच्या आधी मी थांबले होते. एक फोन केला असता, वर एक ओळ चालेल का म्हणून, तर त्यानं आज सांगितलं ते सोमवारीच सांगितलं असतं. नेमानं मला विचारायला कधी मनाई केलेली नाही."

"मग का नाही विचारलंत?"

"तो नको म्हणाला असता तर नेमाचं काय करायचं, अशी भीती होती. ती एक." मी पदर सारखा केला. "आणि दुसरं, मला वाटलं, जाईल तर जाईल, नाही तर नाही. म्हणजे मी काही अडवत नव्हते. पण वाट मोकळीही करत नव्हते. नंतर त्यानं विचारलं तेव्हा मी शब्द असे मोजून वापरले की खोटं होणार नाही आणि त्याला खरंही कळणार नाही. ह्यांनी चेकचा विषय काढला तेव्हा मी भाताकडं बघत बसले. नेम माझेच, पण चार दिवस मी त्यांच्या आडोशाला बसले होते, चंदना."

बाहेर खेळाच्या तासाची शिट्टी वाजली.

"तुम्हाला मी जायला का नको होतं? स्वयंपाकासाठी?"

"स्वयंपाक मी तू यायच्या आधी तीस वर्षं केलाय." मग मला खरं सांगावंच लागलं. "सकाळी शाळेला येताना आपण दोघी चालत येतो ना. घरापासून अकरा मिनिटं. नेमातलं नाही ते काही. पण माझ्या दिवसात तेवढंच आहे जे मी नेम म्हणून करत नाही."

चंदना खिडकीकडं वळली. म्हणाली, "मला संशय होताच."

"कधीपासून?"

"सोमवारपासून तुम्ही माझ्या डब्यात दोन पोळ्या जास्त देताय."

"दोन नाही," मी म्हणाले. "बुधवारी तीन होत्या."

तेव्हा ती हसली. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि खडूच्या बोटांनी पुसून गालाला पांढरा पट्टा ओढला गेला. "मग आता भरपाई द्या," ती म्हणाली. "गच्चीवरची ती पांढरी पेटी. तापमापकाची."

शाळेच्या गच्चीवर लाकडी झापांच्या पेटीत दोन तापमापक होते, कमाल आणि किमान. तीन वर्षं चंदना रोज सकाळी साडेआठला वर जाऊन आकडे लिहायची, रविवारी, दिवाळीतसुद्धा. एक दिवस चुकला नव्हता. बंगळुरूच्या निवडीत त्या वहीचा मोठा हात होता.

"मी नसताना कुणीतरी लिहायला हवं. चुकवून चालणार नाही. पोरींचं कधी लक्ष असतं, कधी नसतं. तुम्ही चुकवणार नाही हे मला ठाऊक आहे. रोज साडेआठ. तारीख, कमाल, किमान. वहीचं पान तसंच्या तसं तिकडं पाठवायचं असतं, त्यामुळं पुढं काही नाही, मागं काही नाही."

दारात फिरोज उभा होता. कधी आला कुणास ठाऊक. त्यानं भडंग चावणं थांबवलं.

"पानावर वर एक ओळ..." मी सुरुवात केली आणि थांबले. "चालेल का, हे मी आता विचारतेय."

"बघू," चंदना म्हणाली. "लिहीन म्हणा आधी."

"लिहीन," मी म्हणाले. दहा महिन्यांचा शब्द मी असा, उभ्याउभ्या, ऑफिसात दिला.

चार वाजून पाच मिनिटांनी फिरोजनं तपासलं. "पहिली सापडली. शिक्का जुळतोय. तिसरी आहे. काकू, पाठवा." मी पत्र पाठवलं. पत्रात वर नाव होतं, ते कुणाला खुपलं नाही, कारण पाटी वेगळी आणि पत्र वेगळं हे तोवर मला कळलं होतं. आम्ही तिघं पडद्याकडं बघत बसलो. दोन मिनिटं गेली. परत आलं नाही. पाच मिनिटं गेली. उपाध्ये बाई दारात डोकावल्या, "काय झालं?" म्हणाल्या, आणि आमच्यापैकी कुणी बोलत नाही म्हणून त्याही उभ्या राहिल्या. चार बावीसला बंगळुरूहून एक ओळ आली. पत्र मिळालं, जागा पक्की.

घरी ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "रजिस्टर केलं असतं तर पावती मिळाली असती."

नोव्हेंबरच्या शेवटी चंदना गेली. स्टेशनवर सगळे होतो. अभिनंदननं सूटकेस चढवली, ह्यांनी पत्ता घातलेली पंधरा आंतरदेशीय पत्रं तिच्या हातात ठेवली. गाडी सुटताना तिनं खिडकीतून एक वही मला दिली. नवी, पुठ्ठ्याची. म्हणाली, "उद्या सकाळी उघडा."

दुसऱ्या दिवशी पूजा आटोपून, बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शन घेऊन आले, आणि वही उघडली. पहिल्या पानावर, अगदी मधोमध, चंदनाच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'श्री वीतरागाय नमः'. तिनं जन्मात कधी ते लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं. पानावर बाकी काही नव्हतं. खाली कोपऱ्यात एवढंच, 'आई, पुढची पानं आकड्यांची.' पान उलटलं तर तीन रकाने आखलेले. तारीख, कमाल, किमान. रिकामे.

आठ वाजून सहा मिनिटं झाली होती. वाट अकरा मिनिटांची, वर गच्चीचा जिना. माझे गुडघे हिशेबात घेऊन मी जिन्याला आठ मिनिटं धरली होती. ह्यांनी विचारलं, "आज दहा मिनिटं आधीच?" मी पेन्सिलीला टोक काढलं, वही पदराखाली घेतली, चपला पायात घातल्या आणि दार हळूच ओढून घेतलं.